केळ्याच्या भाजीखालची टीप

बाई, आपलं पुस्तक चोरीला गेलं. तेच, लोधीपुऱ्यात तुमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवलेलं असायचं ते जुनं स्वयंपाकाचं पुस्तक. शंभर वर्षांपूर्वीचं, त्यावर आता कोणाचा हक्क नाही, कोणीही छापावं. तुमच्यामागे ते माझ्याकडे आलं. दोन वर्षं बसून मी ते टाइप केलं, समासातल्या तुमच्या पेन्सिलीच्या टिपांसकट, आणि ई-बुक करून ऑनलाइन ठेवलं. घेतंय कोण! पण घरात मी एकटाच. संध्याकाळी त्या टिपा उघडून बसलो की कोणीतरी बोलतंय असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात तेच पुस्तक दुसऱ्याच्या नावाने दिसलं. मुखपृष्ठ नवं, आत सगळं माझं. नुसता जुना मजकूर घेतला असता तर मला बोलायला जागा नव्हती. पण कच्च्या केळ्याच्या भाजीखाली टीपही तीच : 'माझी आई यात चिंच घालायची आणि माझ्यासाठी तिखटाआधी वाटीभर काढून ठेवायची.' डोकंच फिरलं माझं. अरे लबाडा, तुझी आई इथे कुठून आली? शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, कौन पढता है?"

तक्रारीचा फॉर्म उघडला. त्यात विचारलं होतं, हा मजकूर तुमचा स्वतःचा आहे का?

आणि सातवीतला निबंध आठवला, गाइडमधून उतरवलेला. तुम्ही वही धरून विचारताय, "काय रे, तुझ्या आंगनात आंब्याचं झाड कधी आलं?" वर्ग हसतोय. मग सुट्टीत तुम्ही मला घरी नेऊन जेवायला वाढताय. "उतरवलं तर उतरवलं, बेटा. खाली लिहून दे कोणाचं आहे ते. बस, इतकंच." त्या दिवशी केळ्याचीच भाजी होती. माझी वाटी तुम्ही तिखटाआधी काढून ठेवली होती.

बाई, मी खाली लिहिलं नाही. 'संपादकाच्या टिपा' असं घातलं, आणि संपादक मी. विसरलो नव्हतो. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. ती कशात काय घालायची हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. 'माझी आई' हे शब्द टाइप करताना फार बरं वाटलं, म्हणून तसेच राहू दिले.

तक्रार केली नाही. आज माझ्याच पुस्तकात दुरुस्ती करायला बसलो. टिपांखाली तुमचं नाव आलं की ती आई तुमची होणार, आणि माझ्याकडे पुन्हा कोणी नाही. नाव टाइप केलंय, बाई. सेव्ह केलेलं नाही अजून.