गळ्यात अडकवायचा कॅमेरा

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबांना खुर्चीत बसवताना कंबर पुन्हा धरली. बाबांचं करायला येणाऱ्या सुनंदामावशी रविवारी येत नाहीत, त्यामुळे रविवार म्हणजे सुट्टी नव्हे, माझी पाळी. आई तेवढ्यात गॅलरीत. समोरच्या इमारतीच्या टाकीवर घार बसली होती. आईने मोबाईलवर फोटो काढून मला आणून दाखवला. टाकी छान आली होती. घारीच्या जागी डाग.

"ह्यात नाही येत," म्हणाली. "तो गळ्यात अडकवायचा असतो ना, तसला पाहिजे."

आणि कणीक भिजवायला गेली. आईने स्वतःसाठी 'पाहिजे' म्हटलेलं मला तरी आठवत नाही. महिनाअखेरीला तिचा वाढदिवस. पासष्ट पूर्ण.

१८ नोव्हेंबर

निखिलला फोन. धाकटे बंधू कॅनडात, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असतं. "डीएसएलआर? ताई, ते संपलं आता. मिररलेस बघ." पाठोपाठ लिंकांचा पाऊस.

डबा खाताना दोन व्हिडिओ पाहिले. प्रत्येक जण सुरुवातीला विचारतो, तुम्हाला नक्की काय हवंय? मला झोप हवीय.

एवढं कळलं: बॉडी वेगळी, लेन्स वेगळी. पक्षी टिपायचे तर लांबची लेन्स लागते, आणि ती जड. आईच्या उजव्या मनगटाला पट्टा. बाबांना उठवून उठवून.

२० नोव्हेंबर

तूरडाळीचं पाकीट पिशवीत घालून आईच्या गळ्यात अडकवलं. "जड वाटतंय का?"
"हे काय चाललंय?"
"सहज."
"सहज कोणी आईच्या गळ्यात डाळ बांधत नाही." तरी पिशवी गळ्यात ठेवूनच फोडणी केली. म्हणजे वजन चालेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बुधवार पेठेत गेले. कॅमेऱ्याचं जुनं दुकान, मालक काउंटरवर. वर न बघता: "बघायचाय की घ्यायचाय?"
"घ्यायचाय. आईला द्यायला."
"आई कुठंयत?"
"सरप्राइज आहे."
"चप्पल देता का सरप्राइज? हातात बसायला नको? घेऊन या त्यांना."

चिडून बाहेर पडले. गणपतीच्या देवळाबाहेरच्या रांगेला वळसा घालून घरी येईपर्यंत पटलं होतं. ते जास्त चिडवणारं.

२५ नोव्हेंबर

आईला सांगितलं. आधी हसली. मग आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "ह्यांना काय वाटेल?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात कॅमेरा म्हणजे बाबांचा. आमचे सगळे वाढदिवस, सहली, निखिलची मुंज, सगळं त्यांनी काढलेलं. हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. महाबळेश्वरला आई म्हणाली होती, मी काढते की एक तुमचा. "रोल वाया जाईल." सगळ्या अल्बममध्ये आई आहे, बाबा कुठेच नाहीत, आणि आईने काढलेला एकही नाही. दुष्ट नव्हते. गणिताचे मास्तर. चूक झालेली खपायची नाही, एवढंच.

जूनमध्ये झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, 'नको'. चहा दिला की 'नको' म्हणतात आणि पितात. फिजिओवाली आली की 'नको', आणि हात पुढे करतात. कुठला नको खरा, हे आईला कळतं. ती म्हणते तरी तसं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आईला घेऊन दुकानात. मालकांनी एकदम खुर्चीबिर्ची दिली. आधी निखिलच्या शिफारशीतला. हलका, सुबक. आईने चष्मा वर सारून डोळा लावला. "टीव्ही लावल्यासारखं दिसतंय हो." मग डीएसएलआर. तो लावून दाराकडे वळली आणि वळलेलीच राहिली. रस्ता, हातगाडी, तारेवरचं कबुतर. मी उभी. पाय दुखायला लागले.

"ह्यात खरं दिसतं," म्हणाली. डोळा न काढता.

मालक म्हणाले, "बरोबर आहे. त्यात पडद्यावरचं दिसतं, ह्यात आरशातनं थेट. पण आजी, ही मॉडेलं आता जुनी झाली. पुढं नवी निघायची नाहीत."
"मी तरी कुठं नवी निघतेय?"

घेतला. लांबच्या लेन्ससकट. निखिलला कळवलं. 'ओके' आणि अंगठा. येताना बॅग आईने मला धरू दिली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

वाढदिवस. आईने पहिला फोटो बाबांचा काढायचं ठरवलं. आंघोळ, दाढी, इस्त्रीचा सदरा. समोर स्टूल ठेवून बसली. "अहो, इकडे बघा."

बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डावा हात वर केला आणि तोंडावर धरला. "नको." परत, मोठ्याने. "नको."

हा खरा होता. मलाही कळला.

आईने झाकण लावलं, बॅग कपाटात वरच्या फळीवर. श्रीखंड खाल्लं सगळ्यांनी.

१४ डिसेंबर, रविवार

कॅमेरा अजून फळीवर. आज माझा तोल गेला. गच्चीत कपडे वाळत घालताना बोलले, खाली ऐकू जायला नको म्हणून. म्हटलं, इतकी वर्षं घाबरलीस, आता ते उठूसुद्धा शकत नाहीत, आता कसली भीती?

आई चादर झटकत होती. ती दोरीवर टाकली, चिमटे लावले.
"त्यांना नाही घाबरत मी. एकदा बाहेर पडले ना, तर परत यावंसं वाटायचं नाही. त्याची भीती वाटते."

मी पण रोज ऑफिसातून निघताना हेच... जाऊ दे. उरलेले कपडे दोघींनी मिळून घातले.

२१ डिसेंबर, रविवार

आई सकाळी नदीवर गेली. एकटी. मी काही बोलले नव्हते, तिनेच फळीवरून बॅग काढली. बाबांच्या समोर उभं राहून सांगितलं, "मी जाऊन येते. ही आहे." त्यांनी दाराकडे बघितलं आणि ती येईपर्यंत दाराकडेच बघत राहिले. मी पेपर वाचून दाखवला. ऐकला नाही.

आली ती चपला चिखलाने भरलेल्या. फोटो सगळे हललेले. एकात खंड्याची शेपूट, बाकी पाणी. "उडाला बघ, नेमका दाबताना उडाला." नळाखाली पाय धूत होती आणि चक्क गुणगुणत होती. बाबा मग जेवले नीट.

२६ डिसेंबर

संध्याकाळी आले तर आई बाबांच्या पलंगावर बसलेली, कॅमेरा दोघांच्या मध्ये. विचारत होती, "हा आकडा कमी केला की मागचं पुसट होतं ना हो?" बाबांनी डावा हात पुढे केला. एका हाताने पेलेना. आईने खालून आधार दिला. त्यांनी बटण दाबलं. छताचा पंखा आला, अगदी स्पष्ट.

मग बाबा रडले. डॉक्टर म्हणतात झटक्यानंतर असं होतं, त्याला अर्थ असतोच असं नाही. आई डोळे पुसत राहिली त्यांचे. बरं झालं की वाईट, मला ठरवता येईना. कपडे न बदलता तशीच कुकर लावायला गेले.

४ जानेवारी

आईबरोबर बँकेत नोकरीला असलेल्या कुलकर्णीबाई एका पक्षीवाल्या ग्रुपात आहेत. पुढच्या रविवारी त्यांची सहल, भिगवणला धरणाच्या पाण्यावर. पहाटे स्वारगेटहून बस, संध्याकाळी परत. आई दोन दिवस विषय काढत नव्हती. आज म्हणाली, "रोहित पक्षी आलेत म्हणे तिकडे. गुलाबी." म्हटलं, जा. मी आहे.

११ जानेवारी, रविवार

दमले आहे, पण लिहून टाकते.

आई गेली. बाबा सकाळपासून बिनसलेले. उपमा थुंकला. दुपारी मी डाळीखालचा गॅस बंद करायला गेले तेवढ्यात आवाज. बाबा खुर्चीतून घसरून खाली, हात अंगाखाली. दाराकडे जायला निघाले होते बहुतेक. मला उचलता येईना. एकदा उचलायला गेले तर दोघंही भिंतीला टेकून बसलो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. केसांना खोबरेल तेलाचा वास, आई रोज लावते. फोन हातात होता. आईला लावायचा की नाही. ती तेव्हा होडीत असणार.

नाही लावला. खालच्या मजल्यावरचे गोखलेकाका आले, दोघांनी मिळून पलंगावर घेतलं. हाडबीड काही नाही. कोपर खरचटलं, काळंनिळं.

आई दिवेलागणीला आली. उन्हाने तोंड लाल, आवाज बसलेला. इतकं बोलताना तिला मी वर्षभरात ऐकलं नाही. थवा कसा उठतो, पंखांच्या आतली बाजू कशी दिसते, नावाडी कसा ओरडू देत नाही. बाबांना एकेक फोटो दाखवला. ते बघत होते, मधूनच माझ्याकडे बघत होते. मी पोळ्या केल्या.

१२ जानेवारी

ऑफिसात दिवसभर मान अवघडलेली. आल्या आल्या आई म्हणाली, "कोपराला काय झालं ह्यांच्या?" मावशींनी अंग पुसताना पाहिलं असणार.

सांगितलं सगळं. फोन का नाही केला तेही.

आई ऐकत बसली. मला वाटलं रडेल, किंवा रागावेल. "तुला लागलं का?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "फेब्रुवारीत दोन दिवसांची आहे. कोकणात. कुलकर्णीबाईंना उद्या नाव कळवायचंय." आणि लगेच, "नाही कळवत मी."

मी म्हणायला हवं होतं, जा. म्हणाले, "बघू."

१३ जानेवारी

सकाळी डबा भरताना पाहिलं. फ्रिजशेजारच्या प्लगला कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली. आई बाबांना चहा पाजत होती, पाठमोरी. कळवलं का, विचारलं नाही. बस चुकायला आली होती, निघाले.