बांधावरचं बिननावाचं झाड

आणि ती थोबाडीत दिलेली बरोबर नव्हती आबा, मी आजही तेच म्हणतो. मी काही चोरलं नव्हतं. आपल्याच बांधावरच्या झाडाचं पडलेलं फळ दगडानं फोडून आतलं पांढरं पीठ जिभेवर ठेवलं होतं, एवढंच. तुम्ही औत सोडून धावत आलात, आधी मारलंत, मग तोंडात बोटं घालून सगळं बाहेर काढलंत. "इख असलं म्हंजे रे? आं? इख असलं म्हंजे?" माझ्या तोंडाकडं एकटक बघत होतात, त्यातली भीती मला तेव्हा दिसली नाही, आता दिसतेय.

चैत्रात सोनारीच्या यात्रेला जाणारी माणसं आपल्या बांधावर टेकायची. झाडावर तेव्हा एक पान नसायचं, पण त्या बुंध्याचीच सावली एवढी की त्यात दोन गाड्यांचे बैल बसत. वर लांब देठांना मखमलीसारखी लव असलेली फळं लोंबत असायची. दर वर्षी कुणीतरी विचारणारच, "पाटील, झाड कशाचं हो?" पंचक्रोशीतलं पानन् पान ओळखणारे तुम्ही, खाली बघून तंबाखू मळायला लागायचात. मला मारलंत त्याच्या आधी एका वर्षी तुम्ही आंब्यासारखी त्या फळांची आढी घातलीत, कडब्यात दाबून महिनाभर. रोज हात घालून बघायचात, मऊ झालं का. ते कुठलं मऊ होतंय! फोडलं तर आत कोरडं पांढरं पीठ. "किडलं," म्हणालात, आणि सगळी आढी उकिरड्यावर टाकलीत. रस नाही म्हणजे नासलं, असंच आपण सगळे समजत आलो.

तुम्ही गेल्यावर माझं घरात चित्त लागलं नाही. दोन इयत्ता झालेल्या पोराला हैदराबादेत दुसरं काय मिळणार, एका जहागीरदाराच्या तबेल्यात घोड्यांना खरारा करतो. मागच्या महिन्यात आईनं मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं. धाकल्या काकांचं पोर आता चालायला लागलंय, झाडाखालीच खेळतं. इखाचं झाड बांधावर नको म्हणून काकांनी लाकूडतोडे ठरवलेत, विसारही दिलाय.

गावाकडून एकदा आणलेलं एक फळ माझ्या पेटीत पडून होतं. ते घेऊन मी बाजारात हिंडलो. फळवाले हसले. एका हकिमानं हुंगून परत दिलं. शेवटी तबेल्यातल्या म्हाताऱ्या सिद्दी कोचवानापुढं ठेवलं. त्यानं ते कानाशी धरून खुळखुळवलं.

"कां से लाया रे ये?"

"हमारे खेत का है, चाचा. नाम किसी को मालूम नै."

त्यानं नाल ठोकायच्या हातोडीनं ते फोडलं, पांढरी ढेप तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी घाबरून त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो, तुम्ही माझ्याकडं बघत होतात तसा. "गोरख इमली," तो म्हणाला. "मेरे दादा के मुलुक का झाड. समंदर पार का."

"समंदर पार का झाड हमारे खेत में कैसा आया?"

"मैं यां कैसा आया? वैसाच!" म्हणून तो हसायला लागला.

सुट्टीच्या दिवशी तो मला शहराबाहेर असंच एक झाड दाखवायला घेऊन गेला. आपल्याहून थोरलं. खोडाच्या ढोलीत आम्ही दोघं उभे राहिलो, वर आणखी जागा होती. साल हत्तीच्या कातडीसारखी, गार. म्हाताऱ्यानं तिला हात लावून कसलासा सलाम केला. मी विचारात पडलो. आपल्या जवळच्या परंड्याच्या किल्ल्यावर पूर्वी सिद्दी शिपाई होते म्हणतात. त्यातल्या कुणाच्या झोळीतून एक बी आपल्या बांधावर पडली असेल. आपला पणजा जन्मायच्याही आधी. आपण त्याला आपलं झाड म्हणतो, आणि त्यानं आपल्या किती पिढ्या बघितल्या असतील. परत येताना मी आपल्या फळाचं उरलेलं पीठ गुळासंगं खाल्लं. चिंचेसारखं आंबट आहे आबा, आणि लई चांगलं आहे.

काकांना आजच लिहिलंय. फळ खायचं आहे, मी स्वतः खाल्लं, कुऱ्हाड लावू नका. पण एक गोष्ट त्यांना लिहायला हात धजला नाही, म्हणून हा दुसरा कागद तुम्हाला. तो कुठं टाकणार, पेटीतच राहील. त्या दिवशी तुम्ही औत तसंच सोडून दिवसभर माझ्या उशाशी बसलात. घटकेघटकेला विचारायचात, "दुखतंय का रं?" मी व्हय म्हणायचो. माझं काही दुखत नव्हतं आबा. नाही म्हणालो असतो तर तुम्ही उठून शेतावर गेला असता. तेवढ्यासाठी मी त्या झाडाला इखाचं केलं, आणि तुम्ही मरेपर्यंत तेच खरं धरलंत.

लाकूडतोड्यांचा बुडालेला विसार काकांना भरून देतोय, मनिऑर्डरनं. सात रुपये, निजामाचे हाली.