कोणाच्या चिथावणीनं

तळेगाव (श्यामजी पंत)
११ मे २०२५

चि. काजल हिस,
सप्रेम जयभीम आणि अ. आ. वि. वि.

बाबाची तब्येत बरी आहे. सकाळी वाचनालयात पेपर वाचून येतात अन् घरी आल्यावर तोच पेपर मले तोंडपाठ सांगतात. सारी उमर पोस्टमनकी केली, म्हून त्याईचा हट्ट कायम आहे का दोघी बहिणींनी फोनवर भांडू नये, जे असंन ते कागदावर लिहावं. कागदावर कोणी मधात बोलत नाई म्हणे.

तं घे, लिहून राह्यली. तुहा व्हिडिओ पाह्यला. म्हणजे मले दाखवला, परवा एका दिवसात अकरा जणांनी. कोकिळाकाकूले स्वतःले दिसत नाई, तरी मोबाईल माह्या नाकाशी धरून उभी होती. गोदामाच्या फरशीवर तू मांडी घालून बसली, मांडीवर ते स्कॅनरचं मशीन, अन् मागं बासष्ट बाया. तुह्यासोबतची वर्षाली उकाड्यानं चक्कर येऊन पडली, सुपरवायझर म्हणे तिले बाजूले करा अन् टार्गेट चालू ठेवा, तवा तुम्ही बसल्या. अडीच तासांत कंपनीनं पंखे, थंड पाणी अन् बसायले स्टूल कबूल केले. शाब्बास. हे मनापासून लिहिलं. पुढचं बी मनापासूनच आहे.

पंधरा वर्षं झाली मले आशा वर्करचं काम करून. बाळंतपणं, लसी, सर्वे, सारं पायी. मुंबईच्या मोर्चाले तीनदा गेली, ताडपत्रीवर झोपली. पेपरात एकदा फोटो आला, त्यात माही पाठ होती. या गावात मी माधवीताई होती वो! अन् काल एसटीचा कंडक्टर मले विचारते, तुम्ही काजलच्या बहीण ना? अंगाचा तिळपापड झाला माह्या. तिकीट घेताना सुटे पैसे बी विसरली.

त्यावर कळस म्हणजे प्रमिलाबाई. २९ जूनले वर्ध्यात आमच्या युनियनचं जिल्हा अधिवेशन आहे. मले वाटलं यंदा भाषणाले माहा नंबर. प्रमिलाबाई जिल्ह्याच्या अध्यक्ष, त्याईनं फोन करून सांगतलं का मुख्य भाषण काजलचं, अन् माधवी, तू आभार मान. पंधरा वर्षांनी आभार! मंडपवाल्याचे मानीन, माईकवाल्याचे मानीन, अन् तुहे बी मानीन, दात ओठ खाऊन.

एवढं तरी शिकवू दे. कंपनी म्हणते तुम्ही ठेकेदाराच्या बाया. ठेकेदार म्हणते टार्गेट मशीन ठरवते. मशीनची गचांडी धरता येत नाई, अन् ज्याच्या खिशात नफा जाते तो शेठ गोदामात कोणी पाह्यला बी नसंन. म्हून जे कबूल केलं ते सही-शिक्क्यानं घेजो.

माया आहेच, आज थोडी करपली आहे.
तुही ताई,
माधवी


वर्धा
१८ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसली का घरमालकीण शकुंतलाबाई दारात पाहायले आल्या, पोरीले काय झालं म्हून. ताई, तू जळते तं उघड जळते, हे मले लय आवडते. मी बी जळते, पण मी चूप राह्यते.

तुले काय वाटते, मी मोठी लीडर झाली? पाय चालेनात म्हून बसली मी. सही-शिक्का घ्यायचं सुचलंच नाई. पंखे दोन आले. स्टूल चार आले, बासष्ट बायांत. आता आम्ही पाळीपाळीनं बसतो अन् मशीन बसलेल्या बाईची मिनिटं कापते.

गोदामात मले नाव नाई, माहीत आहे का तुले? गळ्यातल्या कार्डावर नंबर आहे, सुपरवायझर चार सौ सतरा म्हून हाक मारते. अन् तू गल्लीतून निघाली का कुत्रे बी बाजूले होतात. बारावीत मी तालुक्यात तिसरी आली, तवा बाबा पेढे वाटताना सगळ्याईले सांगत होते का माधवीच्या वह्या वापरल्या तिनं. पेढा माह्या घशाखाली उतरला नाई, तुले कधी सांगतलं नाई. या व्हिडिओत पहिल्यांदा असं काही आहे का ज्याच्यात तुही वही नाई.

एक गोष्ट चांगली नाई. मॅनेजर एकेकीले केबिनमधे बोलावून विचारते, बसायले कोणी सांगतलं? बासष्टही जणी म्हणतात कोणीच नाई. त्याचा विश्वासच बसून नाई राह्यला. बाहेरचा कोणी सापडला का आम्हाले काढायले सोपं जाईन, असं जुन्या बाया म्हणतात.

बाबाले औषध वेळेवर देजो. अन् माह्यावर रागावतानाही हात डोक्यावर असू देजो.
तुही,
काजल


तळेगाव
१९ मे २०२५

चि. काजल हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुहं पत्र अजून आलं नाई, तरी लिहून राह्यली, कारण गोष्ट पोटात राहत नाई.

काल तुह्या कंपनीचा राकेश नावाचा माणूस गाडी घेऊन घरी आलता. कामगार कल्याणाचा फॉर्म भरायचा आहे म्हणे, घरच्याईची माहिती पाहिजे. लय सभ्य. चपला बाहेर काढल्या. बसल्या बसल्या म्हणे, ताई, तुमचं नाव तालुक्यात भल्ला ऐकलं. काजल, पंधरा वर्षांत मले असं कोणी म्हटलं नाई वो. मी कांद्याचे भजे काढले.

त्यानं विचारलं, काजलमधे एवढी हिंमत आली कुठून? मी म्हटलं, काजल काय, लेकरू आहे! सगळं मीच शिकवलं. फोनवर रोज मीच सांगते काय करायचं, काय बोलायचं. त्यानं सारं लिहून घेतलं, मी वाचलं अन् खाली सही केली. आता निदान कंपनीत तरी कळू दे का खरी लीडर कोण.

बाबाईनं भज्याले हात लावला नाई. त्याईचं पोट बिघडलं असंन.

तुही वडीलकी मिरवणारी,
ताई


वर्धा
३० मे २०२५

ताई,
जयभीम.

तुही सही मी लांबूनच ओळखली. मले निलंबित केलं आहे. आरोपपत्र आलं, मागं तुहा कागद जोडून, त्यात लिहिलं का सदर कामगारानं बाहेरील युनियन पदाधिकारी असलेल्या स्वतःच्या बहिणीच्या चिथावणीनं काम बंद पाडलं. बासष्ट बायांनी केबिनमधे उभं राहून कोणाचं नाव घेतलं नाई. माह्या सख्ख्या बहिणीनं भजे खाऊ घालून सांगतलं.

१३ जूनले अकरा वाजता चौकशी आहे. आरोप शाबीत झाला तं नोकरी गेली, अन् वर्ध्यातला दुसरा कोणताच ठेकेदार मले दारात उभं करणार नाई. पंखे काल काढून नेले.

तुले नाव पाहिजे होतं ना? छापून आलं. तिसऱ्या ओळीत आहे, वडिलांच्या नावासकट.

उत्तर लिहू नको.
काजल


तळेगाव
५ जून २०२५

चि. काजल हिस,
सप्रेम जयभीम.

लिहू नको म्हटलं तरी लिहून राह्यली. नाई वाचलं तरी चालंन.

तीन दिवस मी स्वतःले समजावलं का तो राकेश लबाड होता, मी भोळी होती. झूठ आहे ते. मी भोळी नाई. पंधरा वर्षं मीच बायांले सांगत फिरली, साहेबासमोर एकटी बसू नका, वाचल्याबिगर सही करू नका. अन् मी वाचून सही केली, काजल. हौसेनं केली. तुहं नाव मोठं झालं ते मले पाहवलं नाई, एवढंच खरं आहे. तुह्या व्हिडिओखाली लोकाईनं लिहिलेलं मी रोज वाचत होती, अन् कोणी तुले नाव ठेवलं का मले बरं वाटत होतं. घे, हे बी लिहिलं.

अन् या कंपनीची अक्कल पाय. बासष्ट बाया दहा-दहा घंटे उभ्या राह्यतात, पण त्याईचे पाय दुखायले बी बाहेरून माणूस यावा लागते! गरिबाले स्वतःचं डोकं असू शकते हे यांच्या हिशेबातच बसत नाई. अन् मी त्याईले तेच हातात नेऊन दिलं.

प्रमिलाबाईले मी स्वतः सांगतलं. लय बोलल्या. मग वकिलाले विचारून म्हणाल्या, तू जाऊन जबानी फिरवली तरच पोरगी वाचंन. मी १३ तारखेले येते. तुह्याशी बोलणार नाई, तुले अवघड होईन.

अजून बी जळते तुह्यावर. पण येते.
माधवी


वर्धा
१४ जून २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू तीनच्या गाडीनं निघून गेली, पाणी बी पेली नाई. वर्षाली तुह्या मागं गेटपर्यंत धावली होती.

ताई, काल तू जे केलं ते मले सात जन्मात जमलं नसतं. भरल्या खोलीत चौकशी अधिकाऱ्याले सांगतलं का मी बहिणीले काहीच शिकवलं नाई, तिच्याशी महिनोन्‌महिने फोनवर बोलली बी नाई. राकेश उठून म्हणे, मग आधी काऊन सांगतलं? तू म्हणाली, जळली म्हून. तिचं नाव झालं, माहं झालं नाई, म्हून बढाई मारली. टायपिस्टनं मान वर केली. माह्या साक्षीले आलेल्या बाया, तो राकेश, सारे तुह्याकडे पाहत होते, अन् तू हे सगळं तुह्या हातानं लिहून दिलं.

मग अधिकाऱ्यानं मले विचारलं, हे खरं आहे का? मी हो म्हटलं.

खरं नव्हतं ते. तुले बी माहीत आहे, मले बी. मी बारा वर्षांची असताना तू आष्टीले तहसीलसमोर आंदोलनाले बसलती, मी तुहा डबा धरून होती. पोलीस हटवायले आले, तवा तू बायांले म्हटलं का उभी बाई ढकलता येते, बसलेली उचला लागते, अन् उचलायची त्याईले लाज वाटते. गोदामात मी तेच बोलली, शब्दाले शब्द. व्हिडिओत आवाज आहे. तू ऐकलं असंन, पहिल्याच दिवशी. तरी एकाही पत्रात तू ते लिहिलं नाई, अन् काल बी ते गिळून घेतलं.

अन् मले काय झालं सांगू? हो म्हणताना आत कुठंतरी आनंद झाला. वाटलं, आता हे कागदोपत्री माहं एकटीचं झालं. त्या आनंदाची मले आता शरम वाटून राह्यली. म्हून इथं लिहून देते: त्या दिवशी आम्ही बसलो ते तुह्या शिकवण्यानं बसलो.

पण निकाल सोमवारी, २३ तारखेले आहे. हा कागद कोणाच्या हाती लागला तं तुही जबानी बी गेली अन् माही नोकरी बी. वाचून लगेच जाळून टाकजो. कोणाले दाखवू नको, बाबाले बी नाई.

तुह्या पाया पडते, नाई म्हणू नको.
तुही,
काजल


तळेगाव
२४ जून २०२५

चि. काजल हिस,
सप्रेम जयभीम आणि अ. आ. वि. वि.

कामावर घेतलं, हे काल फोनवर ऐकलं अन् जीव भांड्यात पडला. पंख्याचं या वेळेस सही-शिक्क्यानं घेजो, विसरू नको.

अधिवेशनात आभार मानायचं काम आमच्या युनियनच्या हर्षाकडे गेलं. बहिणीवर जळणारी बाई मंचावर बरी दिसत नाई, असं काही जणींचं म्हणणं पडलं. प्रमिलाबाईले सांगताना अवघड झालं, मीच म्हटलं, राहू द्या. मी खाली सतरंजीवर बसीन. तू भाषणात माहं नाव चुकून बी काढू नको, तिथं कंपनीचा माणूस असंनच. जे तहसीलसमोरचं वाक्य आहे ते बेलाशक म्हणजो, अन् तुहं म्हून म्हणजो.

पत्र जाळलं. आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग चूल पेटवून आणखी एकदा वाचलं. शेवटची ओळ जळेपर्यंत मी चुलीपाशीच होती.

धूर पाहून बाबा आत आले. विचारत होते, काय लिहिलं काजलनं? मी म्हटलं, काही नाई, सगळं बरं आहे म्हणते.

तुही ताई,
माधवी