आवारात उभी असलेली ताणचौकट

दिनांक : ११ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
ग्रामीण कारागिरी प्रदर्शन कक्ष,
वाशीम, जि. वाशीम.

अर्जदार : नथ्थू तुळशीराम इंगोले, वय ७३ वर्षे, गाववाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल, मु. पो. कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम.

विषय : लोकरी कापड ताणून वाळवण्याची चौकट परत मिळणे, ते शक्य नसल्यास येत्या मंगळवारी चार तास वापरू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे फेब्रुवारी २०२४ मधील प्रदर्शन.
२) अर्जदाराची आपल्या कार्यालयातील तोंडी विनंती, दि. १८ नोव्हेंबर २०२४ (ही विनंती पूर्ण होऊ शकली नव्हती).

महोदय,

अर्जदाराने आजवर गावातील लोकांना शेकडो अर्ज लिहून दिले. विजेच्या मीटरचे, शिधापत्रिकेचे, हरवलेल्या दाखल्यांचे. स्वतःचा मात्र हा पहिलाच. स्वतःबद्दल 'मी' लिहिताना हात अडतो, म्हणून तो सर्वत्र 'अर्जदार' असेच लिहीत आहे. यात काही गैर असल्यास क्षमा असावी.

१. कामरगावात श्रीमती भागिरथाबाई मस्के या घोंगड्या विणतात. त्यांचे वय सत्तरीच्या घरात असून गावात आता त्यांचा एकच माग उरला आहे. घोंगडी मागावरून उतरली म्हणजे काम संपत नाही. ती भिजवून पायांनी तुडवावी लागते, तेव्हा लोकर एकमेकींत गुंतून घट्ट होते. आणि मग ओली असतानाच चारी बाजूंनी ताणून वाळवावी लागते. नाहीतर ती हवी तिकडे आक्रसते, कडा वळतात, अंथरली तर मधोमध फुगवटा राहतो. पूर्वी एका टोकाला भागिरथाबाईंचे यजमान आणि दुसऱ्या टोकाला त्या स्वतः, असे ओढून दोघे ती खुंट्यांना बांधत असत. यजमान गेल्यावर एका टोकाला कडुनिंबाचे झाड आले. असे सहा वर्षे चालले आणि बाईंचा उजवा खांदा कामातून गेला. त्या सकाळी वाचनालय झाडायला येत. एके दिवशी त्या डाव्या हाताने झाडताना अर्जदाराला दिसल्या. त्याने काय झाले म्हणून विचारले नाही. विचारायला हवे होते.

२. वाचनालयातल्या एका जुन्या कोशात, लोकरी कापडाविषयीच्या पानावर, अंगठ्याएवढे चित्र आहे. कुठल्याशा परदेशी माळावर लाकडी चौकटींच्या रांगा, चौकटींना आकडे, आकड्यांत ताणलेले ओले कापड. त्यावरून अर्जदार चार वर्षे खटपट करीत राहिला. पहिले आकडे लोखंडी लावले होते. ओल्या लोकरीला गंज लागला आणि घोंगडीच्या पांढऱ्या पट्ट्यावर तांबडे ठिपके उमटले. मग पितळी तार वाकवून दोनशे बारा आकडे केले. त्यांची टोके जराशी आत झुकलेली असावी लागतात, नाहीतर कापड फाटते. हे पुस्तकात दिलेले नव्हते. उभ्या पट्ट्या सरकवण्यासाठी सायकलीच्या दातेरी चकत्या व साखळी बसवली, ती फिरवायला दोन्ही अंगांना एकेक हँडल लावले आणि ताण मागे सुटू नये म्हणून खिटी घातली.

चकत्या व साखळी श्री. जगदेव भिकाजी लांडे यांनी दिली. जगदेव अर्जदाराचा इयत्ता चौथीपासूनचा मित्र असून त्याचे गावात सायकल दुरुस्तीचे दुकान होते. तेव्हा चौकट अर्जदाराची किती, जगदेवची किती आणि त्या परदेशी माणसांची किती, यावर अर्जदाराने पुष्कळ विचार केला आहे. रंधा मात्र त्यानेच मारला, हे तो खात्रीने सांगू शकतो. बहुतेक खात्रीने.

पहिली घोंगडी चौकटीवर चढली तेव्हा भागिरथाबाईंनी तिच्यावर थाप मारून पाहिली आणि म्हणाल्या, "मास्तर, हे त ढोलावानी वाजून राह्यलं!" मग त्या सावलीत बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता मी काय करू? घोंगडी वाळेलोक नुसतं बसाचं?" अर्जदाराला आयुष्यात मिळालेले प्रशस्तिपत्र ते एवढेच. त्याहून अधिक त्याला नको होते, आजही नको आहे.

३. फेब्रुवारीत आपल्या कक्षाचे प्रदर्शन भरले. चार माणसे समोर आली की अर्जदाराचा घसा बसतो. जगदेव बोलका, त्याने ठरवले तर मेलेल्या म्हशीलाही गिऱ्हाईक आणील. म्हणून अर्जदाराने त्याला सोबत नेले. नेले, हे नमूद करणे आवश्यक आहे. माहितीपत्रक अर्जदाराने लिहिले आणि 'कारागिराचे नाव' ही ओळ कोरी सोडली. लोकांचे अर्ज लिहिताना नावाची जागा कोरी ठेवायची, ज्याचे काम त्याने ती भरायची, अशी त्याची पद्धत. त्या दिवशीही हात सवयीने पुढे सरकला. नंतर भरू, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या आधीचे मा. अधिकारी छायाचित्रकारासह आले. त्या वेळी अर्जदार पाणी पिण्यासाठी पडद्यामागे गेला होता. खरे सांगायचे तर तहान लागलेली नव्हती. साहेबांनी विचारले, ही कोणी बनवली? त्यावर जगदेवचे उत्तर अर्जदाराने स्वतः ऐकले, ते असे : "म्याच बनवली साहेब. चार वर्स डोकं खपवलं. पह्यले लोखंडाचे आकडे लावले, त घोंगडीले असे ठिपके पडले का बाई बोल्ली, हिले गोवर निंगाला!"

भागिरथाबाई असे कधीही बोललेल्या नाहीत. परंतु तो प्रसंग जगदेवने अर्जदारापेक्षा कितीतरी छान सांगितला. लोक हसले. पडद्यामागे अर्जदारही हसला. मग त्याच्या लक्षात आले.

परतीच्या गाडीत अर्जदाराने "काहून रे?" एवढेच विचारले. जगदेव म्हणाला, "अबे, तूच त आत पळाला! साहेब उभे, फोटोवाला उभा. मंग काय सांगू, बनवनारा पानी पिऊन राह्यला म्हनून?" यात तथ्य होते. चौकट छायाचित्रांसाठी पंधरा दिवस ठेवून घेतली आहे, असेही जगदेवने तेव्हाच सांगितले. आज त्या पंधरा दिवसांना दहा महिने झाले.

४. पुढे जगदेवला शाळांतून बोलावणी येऊ लागली. ऑगस्टमध्ये तो घरी आला व म्हणाला, "नथ्थू, पंधरा आगस्टले शायेत भाषन हाय. चौकट कशी बनवली त्याच्यावर. तुया हातचं लिहून दे ना बे. मायं लिहिलेलं मलेच वाचता येत नाही."

अर्जदाराने ते लिहून दिले. का दिले, हे आपण विचाराल. साठ-पासष्ट वर्षांत जगदेवला तो कशालाच नाही म्हणालेला नाही, आणि सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचले नाही. भाषण चार पानांचे झाले. लिहिता लिहिता मध्यरात्रीचा दिवा... हे वाक्य खोडावे; ते भाषणातले आहे. 'माझे मित्र नथ्थू इंगोले यांचे मोलाचे साहाय्य झाले' असे एक वाक्य अर्जदाराने तिसऱ्या पानावर घातले होते. जगदेवने ते वाचले नाही. वेळ कमी होता, असे त्याने नंतर सांगितले. शाळेत शेवटच्या बाकावर बसून अर्जदाराने ते सर्व ऐकले, आणि ऐकता ऐकता त्यालाही ते खरे वाटू लागले. ही भीती त्याला अद्याप सोडून गेलेली नाही.

५. दि. १८ नोव्हेंबर रोजी अर्जदार आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरील लिपिक श्री. अमरदीप यांनी सौजन्याने सांगितले, "काका, चौकट लांडेसाहेबांनी कायमची देल्ली हाय. त्याईची सही हाय कागदावर. वापस पायजे त त्याईचाच अर्ज आना." कायमची, हा शब्द अर्जदाराने तेव्हा प्रथम ऐकला. तो पुढे काही बोलणार होता, पण मागच्या गृहस्थांना घाई होती.

बाहेर आवारात चौकट उभी होती. सभागृहातील टेबलावर अंथरायची हिरवी लोकरी बनात धुऊन तिच्यावर ताणलेली होती आणि एका बाजूने हातभर फाटलेली होती. बनातीचा त्यात दोष नाही, शिपायांचाही नाही. चौकटीच्या दोन्ही अंगांची हँडले एकाच वेळी, सारखीच, हळू फिरवावी लागतात. एकच फिरवले की सगळा ताण एका कडेवर येतो. जगदेवला हे कोणी विचारले असते तरी सांगता आले नसते.

गावी परतल्यावर अर्जदाराने जगदेवला एवढीच विनंती केली की तूच अर्ज कर. तो प्रथमच अर्जदाराकडे न पाहता बोलला : "मी अर्ज केला त साहेब इचारतीन, आता कायले पायजे? मंग सारं भायेर निंगन. नातीनं मायावर निबंध लिहिला ना बावा, पह्यला नंबर आला तिचा. तिले काय सांगू मी?"

जगदेव खोटे बोलला याचे दुःख आहेच. परंतु त्या दिवशी त्याने अर्जदाराला चहा विचारला नाही, ते अधिक लागले.

६. आता तातडीचे. भागिरथाबाईंची नात कु. रुचिका हिचा विवाह रविवार दि. २२ डिसेंबर रोजी आहे. त्यांच्या घरची रीत अशी की नवरा-नवरी नव्या घोंगडीवर बसतात आणि ती घोंगडी नवरीच्या घरातल्या हातांनीच विणलेली असते. भागिरथाबाईंनी यासाठी दोन विणल्या. हे झाले की माग उतरवणार, असे त्या म्हणतात.

चौकट नसल्याने पहिली घोंगडी दि. १ डिसेंबर रोजी हाताने ओढून वाळवण्याचा प्रयत्न झाला. वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत एका टोकाला भागिरथाबाई आणि दुसऱ्या टोकाला अर्जदार. बघायला गर्दी जमली. जीपवाला मुन्ना ओरडला, "मास्तर, रस्सीखेच हाय काय? कोन जितून राह्यलं?" भागिरथाबाई त्यालाही पुरून उरल्या : "तू ये ना रे इकडे! जीप ढकलाले बरे मानसं बलावते, आता तोंड वाजवते!" मुन्ना आला नाही. गर्दीमुळे अर्जदाराच्या हाताला घाम सुटला, टोक निसटले, आणि भागिरथाबाई खांद्यावर पडल्या. ती घोंगडी वाकडी वाळली. तिच्यावर कोणाही नवरीला बसवता येणार नाही.

म्हणजे आता एकच उरली आहे. आणि ओढायला हात उरलेले नाहीत.

भागिरथाबाईंचा समज आहे की चौकट आवडल्यामुळे शासनाने ती ठेवून घेतली. "आवडली त आवडली," त्या म्हणतात, "पन मास्तर, लगन झाल्यावर ठेवाची होती ना." हा समज अर्जदाराने करून दिलेला नाही. पण दूरही केलेला नाही.

७. सबब नम्र विनंती पुढीलप्रमाणे.

चौकट परत मिळावी. कागदोपत्री मालक जगदेवच असेल तर त्याच्या नावाने मिळाली तरी हरकत नाही. जगदेववर कोणतीही कारवाई होऊ नये व प्रदर्शनात त्याला मिळालेले प्रमाणपत्र त्याच्याकडेच राहावे.

हे येत्या आठवड्यात शक्य नसेल (शक्य नसावे, हे अर्जदार जाणतो), तर मंगळवार दि. १७ डिसेंबर रोजी सकाळी अकरा ते दुपारी तीन, उन्हाच्या चार तासांपुरती, चौकट मोकळी करून द्यावी. भागिरथाबाई पहाटे घोंगडी भिजवून तुडवतील. ती ओलीच प्लास्टिकच्या गोणीत बांधून मुन्नाच्या जीपने कारंजापर्यंत व तेथून एसटीने वाशीमला आणू. पाणी गळू नये याची काळजी घेऊ. दोघेही आवारातच थांबू, कार्यालयात येणार नाही, डबा सोबत असेल.

भागिरथाबाईंचा खांदा उठत नाही आणि जगदेवने येण्यास नकार दिला आहे, म्हणून दुसऱ्या हँडलवर उभे राहण्यास आपल्याकडील कोणीही एक व्यक्ती पंधरा मिनिटे द्यावी. काम अवघड नाही. अर्जदार इकडून "आता" म्हणेल, तेव्हा त्यांनी तिकडून हळूच एक फेरा द्यावा. अर्जदार मोठ्याने म्हणेल. घरी तसा प्रयत्न करून पाहिला आहे.

शेवटी एक बाब, जिच्यासाठी खरे तर हा अर्ज तीनदा लिहून फाडला. चौकटीच्या वरच्या पट्टीवर आपल्या कक्षाने 'संकल्पना व निर्मिती : श्री. जगदेव लांडे' अशी पाटी बसवली आहे. ती काढावी, असे अर्जदार म्हणत नाही. फक्त ते चार तास ती झाकून ठेवावी. गेल्या तीन वर्षांत वाचनालयात झाडलोट झाल्यावर भागिरथाबाई अक्षरे शिकल्या आहेत. समोर जे काही लिहिलेले दिसेल ते बोट ठेवून, एकेक अक्षर लावीत, मोठ्याने वाचण्याची त्यांना सवय आहे.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपल्या वेळेचा ऋणी व नम्र,

(सही)
नथ्थू तुळशीराम इंगोले
कामरगाव

सोबत :
१) प्रदर्शनातील माहितीपत्रकाची प्रत. (नावाची ओळ निराळ्या हस्ताक्षरात आहे.)
२) पंधरा ऑगस्टच्या भाषणाची प्रत, पाने चार, अर्जदाराच्या अक्षरात. यावरून काय सिद्ध होते, हे अर्जदारास सांगता येत नाही.
३) जाड काळ्या कापडाचा तुकडा, पाटीच्या मापाचा, चारी कोपऱ्यांना नाड्या लावलेला.