पूर्ण डिस्क पुसू?

३ जून
चारकोपच्या विहारातल्या अभ्यासिकेत आज रुजू झालो आणि पहिल्याच तासात माझ्यावर घोर अन्याय झाला. माझ्या टेबलावरच्या पंख्याला दोनच वेग आहेत: बंद आणि वादळ. एका हाताने कागद दाबायचे, दुसऱ्याने संपादन करायचं. याविरुद्ध जनआंदोलन उभारण्याचा विचार आहे. बाकी सगळं झकास. वीस वर्षं लोकांची टर उडवणारे लेख लिहिल्यावर कुणीतरी मानाने बोलावलं, विहाराची स्मरणिका काढायला. सचिव सीताराम सरांनी स्वतः चहा आणून दिला. म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये आपला खजिना आहे. जालना, वाशीमकडून येऊन इथे पहिली घरं बांधणाऱ्या एक्केचाळीस जणांचे आवाज. ऑपरेटर दर्शनाने दोन वर्षं दारोदार फिरून रेकॉर्ड केलेत. त्यातले बरेचसे आता हयात नाहीत.

४ जून
कॉम्प्युटर उठेना. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. दर्शना (वय सव्वीस, आत्मविश्वास साठीचा) एक सीडी घेऊन आली. मशीन स्वतःहून उठत नसेल तर सीडीवरून उठवायचं, म्हणाली. मग पडद्यावर दोन पर्याय येतात. पहिला घेतला तर आतल्या कशालाच धक्का लागत नाही, आवाज पेनड्राइव्हवर काढून घेता येतात. पेनड्राइव्ह आणायला निघताना वळून म्हणाली, "सर, मी येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका हां."
मला कुणी असं बजावलेलं चालत नाही.

५ जून
लिहायला लाज वाटते. काल ती गेल्यावर मी दुसरा पर्याय दाबला. मशीनने रीतसर विचारलं: पूर्ण डिस्क पुसू? वाटलं, जुना कचरा जाईल, आवाज राहतील. हो म्हटलं. अर्ध्या तासात सगळं नवंकोरं. आवाज एकही नाही.
सीताराम सरांनी विचारलं तेव्हा माझं तोंड माझ्याआधी बोललं, "दर्शनाने केलं." ती दारातच उभी होती. हातात पेनड्राइव्ह. सरांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी पंख्याकडे बघत होतो.

९ जून
मशीन पुन्हा अडलं. सीडी घातली, या वेळी पहिला पर्याय. डिस्क रिकामी, स्पीकर जोडलेलाच नाही. तरी एका बाईचा आवाज आला. नावानिशी सुरू झाला: शांताबाई. सीताराम सरांच्या आई, गेल्या वर्षी वारल्या. "चिखलात फळ्या टाकून निजायचो. पाणी गुडघ्याएवढं, पोरगं खांद्यावर. अन् मंग एक दिवस—" इथे तुटला.
सीडी काढली. वायर काढली. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

११ जून
सकाळी नीलाला, म्हणजे बायकोला, फोन केला. ती म्हणाली, तुझ्या शेजारी कोण बाई बोलतेय?
शेजारी कुणी नव्हतं. बोलत मी होतो.

१२ जून
आज सात जण. एक गुणाजी म्हणून आहेत, खोकत बोलतात. मला खोकला नाही. घसा मात्र सोलून निघालाय. पुसलेले आवाज जातात कुठे, हा विचार तेव्हा — त्यांना जागा हवी ना.

१३ जून
खरं सांगून टाकायला सरांकडे गेलो. तोंड उघडलं — शांताबाई. चिखल, फळ्या, गुडघ्याएवढं पाणी. सर रडायला लागले. माझा हात धरून म्हणाले, "आई, पुढं सांग ना."
पुढे काही नव्हतं. पुढचं मी पुसलंय.

१४ जून
दर्शनाला फोन. माफी म्हणून एक शब्द — येईना. एकेक म्हातारा बोलत राहिला. ती हलक्या आवाजात प्रत्येकाचं नाव घेत होती. सगळे ओळखले. मला सोडून —

१५ जून
एक्केचाळीस.
अक्षर अजून माझं आहे. ही वही सरांच्या टेबलावर उघडी ठेवतोय. सर, दर्शनाने काहीही केलेलं नाही. तिने बजावलं होतं. तिला परत बोलवा. तिच्यासमोर हे मोठ्याने वाचा, मला आता वाचता — सगळं पुसलं ते मी, माझ्या या हाताने, आणि नाव तिचं —