खुर्चीला हार

सोम., ८ सप्टेंबर
शिरोली एमआयडीसीला सुट्टी. तरी फाउंड्रीत एक चक्कर टाकून आलो. भट्टी गार असली की शेड परक्याचं वाटतं.
अमेरिकेचा मेल परत एकदा वाचला. तिकडं कर वाढलाय, तेव्हा पंपाच्या कास्टिंगची ऑर्डर "सध्या" थांबवा. सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते काय लिहिलेलं न्हाय. सुजाताला विचारलं. म्हणाली, "अण्णा, ते आता परत येत न्हाईत." एकुलती एक पोर, पुण्यातली नोकरी सोडून माझ्या धुरात आली, तिला असं बोलायचा हक्क हाय. तरी राग आला. इतक्या शांतपणे कशाला बोलायचं?

गुरु., ११ सप्टेंबर
रंकाळ्यावर फिरताना माने सर भेटले. निवृत्त झाले तरी इतिहासाचा तास सुटलेला न्हाय, आता विद्यार्थी मी एकटा. आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात त्यांचं व्याख्यान हाय. जगाचं पुढारपण इंग्लंडकडनं अमेरिकेकडं कसं गेलं, आणि आता पुढं कुणाकडं.
मी म्हटलं, कसं म्हणजे काय, एक म्हातारा झाला, दुसरा तरणा होता.
"पाटील, एवढं सोपं असतं तर मला इतकी वर्षं पगार कशाला दिला असता?"

मंगळ., १६ सप्टेंबर
सुजातानं आणलेलं चिनी मोल्डिंग मशीन, साचे पाडायचं, एकदाचं सुरू झालं. त्यांच्या इंजिनिअरला व्हिसा मिळंना, म्हणून सगळं मोबाइलवर. तिकडं तो, इकडं आमचा फोरमन रफीक मोबाइल घेऊन मशीनच्या पोटात. एकाला दुसऱ्याची भाषा येत न्हाय. रफीक आपला "व्हय, व्हय." दुपारपर्यंत तिकडचा पावणाही "व्हय" म्हणायला लागला. हसून हसून पोट दुखलं.
पहिला साचा निघाला. कड एवढी स्वच्छ, की हात फिरवत बसलो. सु. आनंदानं माझ्याकडं बघत होती. मी "बरं हाय" एवढंच म्हटलं. जरा जास्त बोलायला पाहिजे होतं.

शनि., २० सप्टेंबर
नवीन चौकशी आलीय. चिनी कंपनी, कारखाना आफ्रिकेत मोंबासाला, कास्टिंग आमचं. हो का न्हाय ते दसऱ्यापर्यंत कळवायचं.
हो म्हटलं तर पॅटर्नचा रॅक मोकळा करावा लागणार. रॅकवर सगळे अमेरिकेच्या मालाचे लाकडी पॅटर्न, ज्यांच्यावरनं साचे पाडतो ते. माळ्यावर जागा हाय, पण तिथं इंग्लंडचे हायत. तिकडची ऑर्डर बंद झाली तेव्हा ते बाबांनी स्वतः चढवलेले. मी खालनं एकेक हातात देत होतो, बाबा वर लावत होते. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत ताट वाढलं, तर बाबा उठून गेले, जेवले न्हाईत, कुणाला पोचवून आल्यावर मावळेपर्यंत जेवत न्हाईत तसं. आईला वाटलं पोट बिघडलंय.
सु.ला म्हटलं, बघू.
"तुमचं बघू म्हणजे न्हायच असतंय."
ही माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून हाय, असं मनात आलं. आलं ते लिहितोय.

गुरु., २५ सप्टेंबर
सरांचं व्याख्यान. पंखा बंद, चहा गोड. पण माणूस बोलला चांगला.
म्हणाले, ब्रिटनच्या हातनं पुढारपण एका दिवसात गेलं न्हाय, आणि कुणी हिसकावूनही घेतलं न्हाय. दोन युद्धांत त्यांचा दम संपला. पण पहिल्या युद्धानंतरच अमेरिकेकडं सगळं होतं, कारखाने, सोनं, माणसं. नव्हती ती तयारी. जुन्याच्या अंगात ताकद न्हाय आणि नवा म्हणतोय मला कशाला या भानगडीत ओढताय. जगाची मंदी आली ती त्याच मधल्या काळात, आणि सावरायला कुणी पुढं होईना.
"जाणारा खुर्ची सोडत न्हाय म्हणून आपण बोंबलतो. येणारा बसत न्हाय, ते कुणी बघत न्हाय. आत्तापण तेच चाललंय, नीट बघा."
मागनं कुणीतरी विचारलं, मग आता चीन बसणार का? सर म्हणाले, "बसायचं म्हणजे नुसता माल विकायचा न्हाय. दुसऱ्याचं निस्तरायचं पण असतं. ते करणार का, मला म्हाईत न्हाय."
घरी येताना गाडी दोनदा बंद पडली. डोकं दुसरीकडंच.

मंगळ., ३० सप्टेंबर
सु.ला सांगून टाकलं. मोंबासाचं तू ठरव, मी मध्ये येणार न्हाय. वाटलं, खूश होईल.
समोरची फाईल मिटली. मग म्हणाली, "तुम्ही सांगा ना अण्णा."
अगं, मशीन तू आणलंस, हिशेब तू मांडलास, त्यांच्याशी बोलतेस तू.
"ते सगळं करते की. पण हो मी म्हटलं, आणि बुडालं तर? रफीककाका, ती सगळी पोरं... कुणाच्या तोंडाकडं बघू?"
सायकल शिकताना मी मागनं धरलंय का न्हाय हे वळून वळून बघायची, तसाच चेहरा. आणि मी काय काय समजत होतो हिच्याबद्दल. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

बुध., १ ऑक्टोबर
खंडेनवमी. पहिला हार बाबांच्या इंग्लिश लेथला, मग बाकीच्यांना, हा नियम बाबांपासनं. लेथ किती वर्षं झाली फिरलेला न्हाय. तरी पहिला हार त्याचाच. शेवटचा चिनी मशीनला.
मी केबिनमध्ये आलो तर माझ्या खुर्चीला हळद-कुंकू, वर झेंडूचा हार. रफीकचं काम. दरवर्षी हार तोच बांधतो, यंदा एक उरला.
"मालक, हे पण हत्यारच की."
आता आली पंचाईत. पुजलेली वस्तू दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कुणी वापरायची न्हाय. मी आणि सु. दिवसभर दोन स्टुलांवर, मध्ये हार घातलेली रिकामी खुर्ची. माने सरांना फोन करून सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला.
मोंबासाचा मॅनेजर फोनवर बोलला. चीनला राष्ट्रीय दिनाची सुट्टी, पण त्यांचा कारखाना चालू. उत्तर उद्याच पाहिजे.

गुरु., २ ऑक्टोबर
दसरा. उत्तरपूजा झाली, खुर्ची मोकळी. सु.ला म्हटलं, बस.
"तुम्ही बसा, मी हाय शेजारी."
मी न्हाय बसलो. ती पण न्हाय. हारही कुणी काढंना. रफीक दारात पेढ्याचा बॉक्स घेऊन उभा, एकदा तिच्याकडं बघतोय, एकदा माझ्याकडं.
तेवढ्यात मोंबासाचा फोन. वाजू दिला मी. हात खिशात घालून उभा राहिलो, न्हायतर उचलला असता.
तिनं उचलला, उभ्यानंच. थोडं बोलली, मग फोनवर हात ठेवून मला हळूच, "अण्णा, रॅक कधी मोकळा होतोय म्हणून सांगू?"
मी रफीकला शिडी आणायला सांगितली.
पॅटर्न माळ्यावर मी चढवले. खालनं सु. एकेक हातात देत होती.
आत्ता घरी. ऊन अजून हाय. सु.नं ताट वाढून हाक मारलीय, दोनदा.