सुरतच्या नोटा

२० सप्टेंबर १९९४, मंगळ.
पुरात भिजलेली गव्हाची पोती आज परत ओट्यावर उन्हात टाकली. वास जात नाही. गणपती गेले, दुकान थंड. आप्पांना (सासरे) सकाळी धरून आणून गल्ल्यावर बसवलं. डावी बाजू गेली तेव्हापासून तेवढंच त्यांचं काम, पैसे घ्यायचे, सुट्टे द्यायचे. पहिल्या गिऱ्हाइकाचं नाणं कपाळाला लावतात.
मागच्या खोलीतली कमल आली होती, पावशेर तेल. म्हणाली, शहरात तिकडे ताप येऊन माणसं मरतायत म्हणे. ताप कुठे नसतो.

२२, गुरु.
प्लेग. सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द.
संध्याकाळी दुकानावर झुंबड. बिस्किटं, मेणबत्त्या, काडेपेट्या, जे दिसेल ते. भाव कोणी विचारत नाही. सगळ्यांच्या हातात शंभराच्या नोटा, सुट्टे संपले. मेडिकलवाला शटर ओढून गेला. समोरचे डॉक्टरही गेले.
हे म्हणाले, "मंदाला गावी सोडतो. दोन दिवसांत येतो."
मी म्हटलं, आणि आप्पा?
ह्यांनी आप्पांकडे पाहिलं. स्टँडवर लोक खिडकीतून आत शिरतायत. आप्पांना कसं चढवणार.

२३, शुक्र.
गेले दोघं, बाप-लेक. मंदा रडली नाही, मीही नाही. तिच्या तोंडाला माझी ओढणी बांधली. बमरोलीच्या रस्त्याने माणसंच माणसं, डोक्यावर गाठोडी. कापडाचे लूम बंद, आवाज नाही. इतकी वर्षं कानात खडखड, आता कान बधिर झाल्यासारखे.

२४, शनि.
शटर अर्धंच उघडलं. ओट्याच्या पुढे दोरी बांधली. पैसे हातात घ्यायचे नाहीत, ताटलीत टाकायचे. नाणी फिनेलच्या पाण्यात. नोटा चिमट्याने उचलून मागे पत्र्यावर उन्हात, वर दगड.
आप्पांना गल्ल्यावर बसू दिलं नाही. आत खाटेवर. चिडले.
"पैसाले काय बिमारी व्हस का?"
दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवले मात्र.

२६, सोम.
ह्यांचा पत्ता नाही.
दहाची नोट पाण्यात पडली, फाटली. नाण्यांना फिनेलचा वास, हातांना वास, पोळीला वास.
दुपारी कमल आली. एकटीच. दोरीजवळ उभे होते ते सगळे मागे सरले. तिच्या नवऱ्याला काल गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. दोन दिवस तापात लूमवर जात होता, मग खोकल्यातून रक्त. तिला पन्नासाची नोट द्यायची होती, तांदूळ आणि साखर हवी होती.
म्हटलं, ताटलीत टाक.
टाकली. मी चिमट्याने उचलली. ती बघत होती. तांदूळ दोरीपाशी ठेवले, मी मागे झाले, मग तिने उचलले.
आजच्या दिवसात एवढंच घडलं.

२८, बुध.
दाळ संपत आली. होलसेलवाल्या शेठचा माणूस टेम्पो घेऊन आला, पण रस्त्यातच उभा राहिला. "बेन, रोकडा. ने नवी नोट." म्हणजे रोख, तेही नव्या नोटांत. पंधरा वर्षं ह्याच शेठकडून माल येतो. बँकेच्या बंडलातल्या कोऱ्या नोटा कुठून आणू? वाळवलेल्या दाखवल्या. नाही म्हणाला. दिवाळीसाठी आप्पांनी ट्रंकेत ठेवलेल्या होत्या, त्या दिल्या. आप्पांना सांगितलं नाही.
चहापत्ती मिळाली नाही.

२९, गुरु.
एसटीडीवाल्याने हाक मारली, "बेन, तमारो फोन." रिसीव्हरला रुमाल गुंडाळला होता.
हे बोलले. गावात घेतलंच नाही. शाळेत ठेवलं, बाहेर, तीन रात्री. सुरतहून आले म्हणून. आता घरी आहेत.
"दुकानदार माझ्याकडून पैसे घेत नाही गं. सुरतच्या नोटा म्हणतो. मंदासाठी बिस्किटं घ्यायला गेलो. अरे, तुझ्या बापाला मी उसने दिलेत, म्हटलं. तर आत गेला."
मग दूधवालीबद्दल सांगितलं. वरून धार सोडते, पैसे नको म्हणते.
कधी येता, विचारलं. म्हणाले, बघू. सगळे जाऊ नको म्हणतायत.
मंदाशी बोलायचं राहिलं.

३०, शुक्र.
आप्पांना ताप. पहाटेपासून कुडकुडतायत. दोन गोधड्या घातल्या.
शटर उघडलं नाही. लोक बाहेरून हाका मारतात. सांगितलं तर गाडी येईल. नाही सांगितलं तर

शटरवर थापा. "ताई, मीठ तरी द्या." नाही दिलं.
आप्पांच्या तोंडाला फडकं बांधू की माझ्या? माझ्या बांधलं. त्यांनी पाहिलं आणि डोळे मिटले.

१ ऑक्टोबर, शनि.
मागच्या दाराने कमल. "दुकान बंद काहून हाय?" तिला खोटं सांगायला सुचलं नाही.
थोड्या वेळाने परत आली. कागदाच्या पुडीत गोळ्या, टेट्रासायक्लिन. हॉस्पिटलवाल्यांनी घरच्यांसाठी तिला दिल्या होत्या. तिने स्वतः निम्म्याच घेतल्या होत्या. आत आली, माझा हात धरला आणि पुडी तळहातावर ठेवली. किती दिवसांनी कोणाचा हात लागला.
म्हटलं थांब, पैसे.
"राहू द्या ताई. मले ते धुवाची कटकट नाई पाहिजे."
हसली नाही. मीही हसले नाही. दारात थांबून म्हणाली, "ते गेले काल. तोंड दाखवलं बी नाई."
मी तिथेच उभी राहिले. तिला बसायला सांगितलं. बसली. दोघी आप्पांच्या खाटेजवळ बसून राहिलो. ती त्यांच्या पायावरची गोधडी सारखी करत होती.

३, सोम.
भेस्तानहून सरकारी डॉक्टर आले, घरोघरी बघतायत. आप्पांचं रक्त तपासायला नेलं. मलेरिया असावा म्हणाले, प्लेगची लक्षणं नाहीत. आनंद व्हायला हवा होता. मी आधी विचारलं, दुकान उघडू का? डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

५, बुध. घटस्थापना.
घट बसवला नाही, माती कुठून आणायची.
ताप उतरला. आप्पा स्वतःहून म्हणाले, दुकानात बसव. बसवलं. पहिल्या गिऱ्हाइकाने दोनचं नाणं पुढे केलं, आप्पांनी हात मांडीखाली घातला. "तू ले," मला म्हणाले. काय झालं, विचारलं. "आते माले नको."
जबरदस्ती केली नाही. नाणं मी फिनेलमध्ये टाकलं.
कमल गावी जाणार नाही. यवतमाळकडच्या तिच्या सासरहून निरोप आलाय, इकडे येऊ नको. आजपासून दुपारी दुकानात येते, पुड्या बांधते. दोन माणसं तिला बघून परत फिरली. एक नंतर आला.

९, रवि.
लूमचा आवाज परत. अजून सगळे नाहीत. उत्तरेकडचे कामगार परतले, तोंडाला फडकी. रस्ते इतके स्वच्छ कधी पाहिले नव्हते, ओळखू येत नाहीत.
फोन. हे म्हणाले, धाकट्या दिरांनी शिरपूरला स्टँडजवळ गाळा बघितलाय. "इथेच दुकान टाकू. माल न्यायला येतो मी, टेम्पो ठरवलाय. तू आप्पांची तयारी कर."
म्हटलं, इकडे लोक परत येतायत.
"पुन्हा पळायला येतायत," म्हणाले.
मग मंदा. "आई, इथे मला शाळेत वेगळं बसवतात." मी म्हटलं, होईल नीट. तिचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.
आप्पांना विचारलं, जायचं का. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग." आजवर मला कोणी असं विचारलेलं नाही.

१२, बुध.
सकाळी शटर वर करत होते तर पुढे टेम्पो. हे उतरले. बारीक झालेत, दाढी वाढलीय. पलसाण्याला गाडी थांबवून तपासली म्हणे. आप्पांच्या पाया पडले. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही.
हे दुकानात आले, फळ्यांकडे बघितलं. तराजूवर कमल, तिच्याकडे बघितलं. "ही कोण?" मागच्या खोलीतली कमल, म्हटलं. नवरा गेला तिचा. ओळख पटली, मान खाली घातली. मग मला हळूच म्हणाले, "आता लवकर आटप."
ड्रायव्हर दारात येऊन उभा. "भाभी, पहले बोरी भरूँ या डिब्बे?"
हे माझ्याकडे बघत होते. कमलचा हात पुडीवर थांबला.
बाहेर ओट्यावर गिऱ्हाइकं उभी होती. दोरी काढल्यापासून अगदी काउंटरला चिकटून उभी राहतात.
मी म्हटलं, "आधी ही गिऱ्हाइकं संपू द्या."
कमलने पुडी बांधली. ड्रायव्हर टेम्पोत जाऊन बसला. हे पोत्यावर बसले.
दुपार झाली. गिऱ्हाइकं येतायत. टेम्पो उभा आहे.